लाकूड चालतं

कालपासून मीठ ओलं झालंय. बरणीत चमचा घातला की ढेकूळच वर येतं. काडेपेटीतल्या काड्या नुसत्या घासल्या जातात, पेटत नाहीत. उन्हाळ्यात जीव काढून केलेले पापड सादळलेत. आणि मागच्या खोलीतून पुन्हा तो आवाज यायला लागलाय. कट्. मग बराच वेळ काही नाही. मी तव्यावर पोळी टाकते, कान तिकडे लावून उभी राहते, पोळी करपते, आणि मग पुन्हा कट्. उठून पाहून यावं, तर खोलीत कुणी नाही. रिकाम्या खोलीतली लाकडाची जमीन हवेतला ओलावा पिऊन अंग हलवते आहे, बाकी काही नाही. हे मला माहीत असतं, तरी मी जाते, दारात उभी राहते आणि चिडून परत येते.

श्रावण-भाद्रपद म्हटलं की लोकांना हिरवंगार काहीबाही आठवतं. मला पांढरं सिमेंट आठवतं.

आमच्या चिखलीत लाकडाची जमीन म्हणजे वेडेपणाच. इथं घर बांधलं की भिंतीपासून भिंतीपर्यंत चकचकीत फरशी, इतकी की खाली पाहून केस विंचरावेत. आमचंही घर तसंच. त्या फरशीवर तीन वर्षांमागच्या दिवाळीत माझी आई सटकली. सुलतानपूरहून सणाला म्हणून आली होती. पाणी सांडलेलं नव्हतं, तेल सांडलेलं नव्हतं, घाई नव्हती. हातात चिवड्याची ताटली घेऊन स्वयंपाकघरातून निघाली आणि दारात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाय मी जोडून दिलाय. आता चालायचं काम त्यांचं. पावसाळा संपेपर्यंत चालत्या झाल्या तर झाल्या. नाहीतर मग कायमच्या कॉटवर."

आता आली का पंचाईत! आई फरशीला पाय लावायलाच तयार नाही. कॉटवर बसायची, पाय खाली सोडायची, अंगठ्यानं फरशी चाचपायची आणि पाय वर घ्यायची. "पाण्यावर पाय ठेवल्यावाणी वाटते मले," म्हणायची. जन्म गेला तिचा शेणानं सारवलेल्या जमिनीवर. ती जमीन पाय धरते, तळव्याला खरखर लागते, कुठं उभे आहोत ते कळतं. मी रबरी मॅट आणली, तर तिच्या कडेला पाय अडकायचा. "शेणाची जमीन करून दे एका खोलीत," असं तिनं अगदी गंभीरपणे सुचवलं. वरती स्लॅब आणि खाली शेण! मी कपाळाला हात लावला. मग कुणीतरी लाकडाचं सुचवलं, आणि मी हट्टाला पेटले. करीन तर करीन, पण माझ्या आईला चालवीन, आणि इथं माझ्याजवळ ठेवीन. तिकडे गावात कोण बघणार होतं तिच्याकडे? गजू, माझा धाकटा भाऊ, दिवसभर वावरात. त्याची बायको बिचारी कुठं कुठं पुरणार?

पट्ट्या वैशाखात आल्या. बाहेर असं ऊन की दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. लावायला युनूसभाई मिस्त्री. आमच्या कृषी केंद्राचं काउंटर, बियाण्याच्या रॅक, सगळं त्यांनीच केलेलं. हात चांगला, जीभ तिखट, आणि 'उद्या येतो' या शब्दांचा त्यांच्याकडे काही अर्थच नाही. त्यांनी त्या पट्ट्या आईच्या खोलीत मध्ये मध्ये काड्या घालून रचून ठेवल्या आणि निघून गेले. दोन दिवस गेले, चार दिवस गेले. आई बाहेर बैठकीत कॉटवर, येणारा-जाणारा तिच्या पायाशी बसून चहा पितोय, आणि आत लाकूड आरामात पंख्याखाली! मी फोनवर फाडफाड बोलले. मिस्त्री शांत. "ताई, ती लकडी आजून परकी हाय. या घरची हवा लागू द्या तिले. घाई केली त मंग मले बोल लावसान."

"पाव्हणी आली म्हणा ना," आई कॉटवरून म्हणाली. "चहा दे तिले बी."

शेवटी लागली एकदाची. पट्टीत पट्टी अडकवत गेले, खाली फोमचा पातळ थर, खिळा नाही, डिंक नाही. काय देखणी दिसत होती! मी चप्पल काढून फिरून पाहिलं. पायाला ऊब लागत होती. आणि मग नजर कडेला गेली. चारही भिंतींच्या लगत बोटभर जागा मोकळी. खालचं काळं दिसत होतं.

"मिस्त्री, ही फट कसली? पट्टी कमी पडली का?"

"फट नोका म्हणू, ताई. चाल म्हणा. चाल सोडली मी तिले." युनूसभाई उकिडवे बसून मला लहान पोरीला सांगावं तसं सांगायला लागले. "लकडी चालते. पावसात फुगते, उन्हात आखडते. चारही बाजूनं तिले चाल सोडा लागते. भिंतीले टेकली, जागा नाही भेटली, का ते वर उठते. लकडीले कोंडलं त ऐकत नाही ते."

आईला हसू फुटलं. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा. "आता घ्या! लाकूड चालते, अन् मी बसून राह्यतो. काय जमाना आला वं माय!"

ती फट झाकायला भिंतीला एक पट्टी लागायची होती. भिंतीलाच ठोकायची, जमिनीला खिळा लागू द्यायचा नाही, म्हणजे जमीन तिच्याखाली मोकळी सरकते. पण आणलेल्या पट्टीचा रंग जुळेना. "दुसरी आणतो," म्हणून युनूसभाई गेले ते मोताळ्याला एका कामावर अडकले. "उद्या येतो, ताई." ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, त्यांचा उद्या काही उजाडेना. फट उघडीच.

आणि आईची नजर त्या फटीवर.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या भागातली काळी माती उन्हाळ्यात उलते. लहानपणी आम्ही वावरातल्या भेगांत खडे टाकायचो आणि खाली पोचल्याचा आवाज येतो का ऐकायचो, यायचा नाही. एकदा माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला होता. घरातली जमीन त्याच मातीची, तीही चरचर तडकायची. मग पाऊस लागायच्या आधी आई पदर खोचून बसायची. माती, शेण, भुसा कालवायची आणि एकेक भेग बोटानं दाबून भरायची. त्या भेगांतून मुंग्या निघतात, विंचू निघतो. एका पावसाळ्यात गजूला विंचू चावला होता, तो अशाच राहून गेलेल्या भेगेतून आला असं आई आजही मानते. भेग उघडी ठेवून झोपणारी बाई तिच्या हिशोबी बाईच नाही.

"इतकं देखणं केलं अन् फट तशीच ठेवली," ती रोज म्हणायची. "भर ना ते."

"आई, ती भरायची नसते. लाकूड फुगतं."

"फुगू दे ना. फुगन त फट बुजन. मंग आताच भरली त काय बिघडलं?"

मी म्हटलं, "आपल्या घरचं दार विसरलीस का? भाद्रपदात लागायचंच नाही, सुतळीनं बांधून ठेवायचो."

"दाराचं ठीक हाय. दार लाकडाचं असते. जमीन कुठी फुगते का?"

"वावरातली नाही फुगत? उन्हाळ्यात एवढ्या भेगा, पावसात बुजतात. त्या तू भरायला जातेस का?"

"वावरात मी झोपतो का? हे घर हाय."

मी समजावलं. ओरडले. युनूसभाईंना फोन लावून तो तिच्या कानाला धरला. तिनं 'हाव, हाव' केलं आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्याचं काय जाते? विंचू त्याच्या घरी थोडीच निंगते."

त्या दिवसांत मी कशी जगत होते ते माझं मलाच माहीत. दुकानात पेरणीचा हंगाम. बियाणं उगवलं नाही म्हणून एक जण गळ्याशी, पाऊस उघडला म्हणून दुसरा, जसा काही मीच पाऊस अडवून धरलाय. दिवसभर डोकं फुटायची वेळ आणि सकाळ-संध्याकाळ आईला चालवायचं. वॉकर तिच्या हातात, तिचा दंड माझ्या हातात. "हळू. सांभाळ. पाय घासू नकोस, उचल. खाली नको पाहूस, पुढं पाहा." चार पावलं, फार तर पाच. मग कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि "नाही जमत वं," म्हणून कॉटवर बसायची. मला रडू यायचं आणि राग यायचा, दोन्ही एकदमच. तिच्या पायांचा राग, डॉक्टरांच्या त्या पावसाळ्याचा राग. एवढा खटाटोप करून घातलेल्या त्या जमिनीचा तर सगळ्यात जास्त. आषाढ संपता संपता त्या जमिनीनंच कट् कट् करून चालायला सुरुवात केली होती. जिच्यासाठी घातली ती मात्र तिथंच, कॉटच्या कडेला.

मग श्रावणाची झड लागली. टॉवेल वाळेनात, भिंतींना घाम, पुस्तकांची पानं जाड झाली. 'सादळणं' हा किती नेमका शब्द आहे! भिजणं नाही, कुजणं नाही. कुणी पाणी टाकलेलं नसतं, तरी वस्तू आपली ताठ राहत नाही. मीही सादळलेच होते. पावसाळ्यातले आठवडे सरत चालले होते आणि मी आईच्या पायांकडे पाहणं सोडून कॅलेंडरकडे पाहायला लागले होते.

भाद्रपद तोंडावर आला. गौरी-महालक्ष्म्या जवळ आल्या. त्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी लवकर घरी आले. आईच्या खोलीचं दार लोटलेलं. ढकललं, तर वीतभर उघडलं आणि अडकलं. जोर केला. खालून करकर झालं, दार जागचं हलेना. फटीतून वाकून पाहिलं. दारापासून थेट खोलीच्या मध्यापर्यंत जमीन वर आली होती, पुरी फुगावी तशी, आणि दाराची खालची कड त्या चढावर रुतली होती.

"आई! आई, उठू नकोस! हलू नकोस तू! मी करते काहीतरी!"

"ओरडू नोको. येतो मी."

"अगं, येतो काय! पडशील! बस तिथंच!"

आतून आवाज आला. वॉकरचा ठक्क असा आवाज मला झोपेतही ओळखता आला असता. तो आला नाही. कर्र आलं, मग जरा वेळानं पुन्हा कर्र, मग ढप. पायांचाच आवाज. लाकडावर, पोकळ झालेल्या त्या फुगवट्यावरून, एक एक पाऊल दाराकडे येत होतं. मी दाराला कान लावून उभी.

"आता पाह्य," आईचा आवाज अगदी जवळून. "मी हिच्यावर उभी राह्यतो. दबली का तू ढकल."

ती त्या चढावर उभी राहिली असणार. जमीन तिच्या वजनानं खाली गेली, दार सुटलं आणि मी धडपडत आत गेले. आई उभी होती. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात काही नाही. वॉकर पार तिकडे खिडकीशी, त्यावर तिचं लुगडं वाळत घातलेलं.

मी आधी तिला पाहिलं, आणि मग भिंतीच्या कडेला ती पांढरी रेघ. सुरेख, सपाट, बोटानं गुळगुळीत केलेली.

"हे काय आहे?"

"भरलं ते. महालक्ष्म्या येऊन राह्यल्या, अन् घरात फटा ठेवाव का? बाथरूमातलं पांढरं सिमेंट उरलं होतं ना तुह्यं डब्यात, ते घेतलं."

"कुणी भरलं?"

"म्या."

माझा तोल गेला. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लाकडाचा सत्यानाश, माझ्या जिवाची माती, किती वेळा सांगितलं, ऐकायचं म्हणून नाही. आई ऐकत होती. कोपऱ्यात प्लास्टिकचं बुटकं स्टूल दिसलं, त्यावर माझं लांब दांड्याचं उलथनं आणि सणाची खिरीची वाटी, आत सिमेंट दगड होऊन बसलेलं. ती वाटी पाहून मी आणखी भडकले. आणि बोलता बोलता माझी नजर त्या रेघेबरोबर फिरली. दारापासून निघून ती खिडकीखालून गेली होती, कॉटच्या मागून, कपाटाच्या कडेनं त्या अरुंद कोपऱ्यापर्यंत, जिथं वॉकर शिरूच शकत नाही, आणि तिथून वळून पुन्हा दारापाशी आली होती. खोलीला पूर्ण फेरी.

"त्या कोपऱ्यात तू गेलीस कशी?"

"कशी म्हणजे? पायानं."

"कधी?"

"दुपारी. तू दुकानात गेली का. रोज थोडकसं थोडकसं. तू 'पुढं पाह्य' म्हणतं, खाली तू बी नाही पाह्यलं."

"मग माझ्यासमोर काय होतं तुला? चार पावलं टाकत नाहीस माझ्यासमोर!"

आईनं पदर सारखा केला. नाही म्हटलं तरी जरा अवघडली. "तू धरतं ना," म्हणाली. "तू धरलं का मले पडल्यावाणीच वाटते. चालू का तुले सांभाळू?"

"मग काय सोडून देऊ? पडलीस म्हणजे?"

"सारं नोको सोडू. थोडकसं सोड."

मला अजूनही पटलेलं नाही, खरं सांगते. दिवाळीत पडली तेव्हा तिचा तो आवाज मी ऐकलाय. ज्यानं ऐकला नाही त्यानं मला सोडायला सांगावं! त्या दिवशी मी सिमेंट झालेली वाटी घेऊन मोरीत गेले, ती घासत बसले आणि पोटभर रडले. आई चालते, याचा आनंद होताच. ती माझ्यापासून लपवून चालत होती, याचा संतापही होता. दोन्ही एकाच वाटीत कडक झालेलं, काही केल्या सुटेना.

युनूसभाई दुसऱ्या दिवशी खरोखरच आले, काखेत पट्ट्या घेऊन. फोनवरच्या माझ्या आवाजातच काहीतरी असावं. रेघ पाहिली आणि मटकन खालीच बसले. "काकू, ये क्या करके रखे तुमी? चाल बंद करून टाकली तिची!"

"तू पट्टी वेळेवर आणली असती त मले कायले दिसली असती?" आईनं त्यांनाच झापलं, आणि त्यांनी पटाशी काढली, कारण ते खरंच होतं.

ते पटाशीनं सिमेंट खरवडत पुढं, आणि आई भिंतीला हात लावत त्यांच्या मागं. "इथं राह्यलं. हे पाह्य, कोपऱ्यात बी हाय." मिस्त्री वैतागून म्हणाले, "काकू, तुमी बसा ना." "बसून बसून कंटाळा आला. तू कर." मी दारात उभी होते. हात पुढं जात होते, मी ते मागं बांधले.

चार-सहा दिवसांत जमीन आपोआप खाली बसली. आणि ती बसली तशी आई उठली. "आता मले सुलतानपूरले धाड. आपल्या महालक्ष्म्या तिथंच बसतात. औंदा माह्या पायानं आणतो मी त्यायले घरात."

म्हणजे दुपारच्या त्या फेऱ्या कशासाठी चालल्या होत्या ते तेव्हा कळलं.

"सण झाला की लगेच परत यायचं," मी दम दिला.

"हाव."

गजू गाडी घेऊन आला. खोलीतून बाहेर पडायचं म्हणजे बैठकीतली फरशी ओलांडायची, तीच, सटकवणारी. आई उंबऱ्यावर थांबली. मी हात पुढं केला. तिनं हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तो हात कमरेवर ठेवला, दुसरीकडे कुठं ठेवावा ते सुचेना. मग ती भिंतीच्या कडेकडेनं, अंगठ्यानं फरशी चाचपत, अख्खी बैठक ओलांडून गेली. मी श्वास घेतला तो गाडीचं दार लागल्यावर.

सण झाला. ती आली नाही. दसरा झाला, दिवाळी झाली. येते अधूनमधून, दोन दिवस राहते, डॉक्टरांना पाय दाखवते, ते 'वा' म्हणतात आणि ही परत जाते, आपल्या शेणाच्या जमिनीवर. आता तुम्हीच सांगा, रागवायचं कुणावर? तिला इथं ठेवायचं म्हणून मी ही जमीन घातली. जमिनीनं काम चोख केलं. इतकं चोख की आई निघूनच गेली.

काल झड लागली तसा मी तिला फोन केला. जेवलीस का, गोळी घेतलीस का, सगळं विचारून झालं.

"अंगणात चिखल असेल. बाहेर कशाला निघतेस? घसरशील."

"नाही घसरत."

तोंडाशी आलं होतं, गजूची गाडी घे आणि ये इकडे, खोली कोरडी आहे, रिकामी आहे. ते मी गिळलं. मग तीच म्हणाली, "जमीन काय म्हणते तुह्यी?"

"चालून राह्यली," मी म्हटलं.

"फट भरली त नाही ना तू?"

"नाही गं."

"मंग चालू दे," आई म्हणाली. "तिले बी, अन् मले बी."

तिनं फोन ठेवला. मागच्या खोलीत कट् झालं. मी उठले नाही.